आणणाऱ्याचे नाव

रात्रपाळीला हे रजिस्टर माझ्या ताब्यात असतं.
जाड पुठ्ठ्याचं, पेन जाऊ नये म्हणून
सलाइनच्या नळीनं बांधलेलं.
रकाने छापूनच येतात:
रुग्ण, वय, गाव, वेळ,
आणि पाचवा, आणणाऱ्याचे नाव, नाते, सही.

पाचवा बरेचदा कोरा राहतो.
कुणी आणलंच नाही, असं नसतं.
पायरीवर चपला वाजतात,
रिक्षा बंद न होता थरथरत उभी असते,
"ओ मावशी" अशी एक हाक येते,
आणि मी स्ट्रेचर ढकलत पोचेपर्यंत
पायरीवर एकटं पोरगं,
ओठ जांभळं खाल्ल्यासारखे,
आणि रिक्षाचा लाल दिवा
भोकरदन नाक्याकडं वळलेला.

मी लिहिते, अनोळखी इसम.
अनोळखी!
ज्यानं त्याला पाठीवर घेऊन तीन जिने उतरवले,
ज्याला त्याच्या आईचा नंबर तोंडपाठ आहे,
तो.

पोळ्याच्या करीला मात्र एक जण थांबला.
रोलिंग मिलमधला, ठिणग्यांनी
शर्टाला बारीक बारीक भोकं पडलेली.
मी विचारायच्या आधीच म्हणाला,
"बटनं घेतली त्यानं. वरून खोकल्याचं औषध.
किती, कवा, समदं लिहून आणलंय."
बिडीच्या बंडलाचा कागद होता,
किराण्याच्या यादीसारखा हिशेब.
डॉक्टर मॅडमनी तो वाचला
आणि कागदासकट आत पळाल्या.

मग तो भिंतीकडं बघत बसला.
तिथं बोर्ड आहे:
अपघातग्रस्ताला मदत करा.
नाव सांगण्याची सक्ती नाही.
पोलीस थांबवून ठेवणार नाहीत.
खाली निळ्या रंगात आडवी मोटारसायकल.
त्यानं बोट फिरवत दोनदा वाचलं.
"मावशी, हा बोर्ड आमालाबी लागू व्हतो का?"

बावीस वर्षं झाली मला या टेबलाला.
कुत्रं चावलं तर कोणती खोली, सांगते.
साप असेल तर कुठल्या कपाटाची किल्ली
कुणाच्या कमरेला, तेही सांगते.
हे मला सांगता येईना.
मोटारसायकल आडवी पडली तर बोर्ड आहे.
पोरगंच आडवं पडलं तर
कुणी रंगवलेला नाही.
एका वकिलानं मागं सांगितलं होतं,
स्वतःहून उपचार मागणाऱ्याला कायद्यात थोडी सवलत असते.
असेल.
पण मागायला शुद्ध लागते, वकीलसाहेब.
आणि उद्या खांदा द्यावा लागू नये
म्हणून आज खांद्यावर घेऊन आला,
त्याचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही तेव्हा विचारलं नाही.

चौकीतले जमादार चहाला गेले होते.
दाराकडं बघत तो म्हणाला, "जाऊ का?"
मी म्हणाले, बस.
का म्हणाले, माहीत नाही.
मला कुठं अधिकार होता कुणाला बसवायचा?
पण तो बसला. गुडघा हलत होता, सारखा,
बाकडं त्याच्याबरोबर कुरकुरत होतं.

साडेचारला आतून खोकला ऐकू आला,
आणि शिव्या.
"कामून आणलंस रे मला, कामून आणलंस?"
हा दारात उभा राहून हसला,
मग भिंतीला टेकून खाली बसला
आणि शर्टात तोंड खुपसलं.

मी पेन सोडवलं.
नातं काय लिहू?
"नातं काय आता. एका खोलीत ऱ्हातो.
ताट एकच हाय आमच्याकडं."

सातला पाळी बदलली, रजिस्टर पुढच्या बाईला दिलं.
पाचव्या रकान्यात नाव आहे की नाही,
मला विचारू नका, जमादारांनाही सांगितलं नाही.
नात्यापुढं मात्र चांगल्या अक्षरात लिहिलंय:
एका ताटातला.